खजिनदारीण

आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नाहीत. हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

"येणार का?" असं विचारलं तर "येणार" किंवा "येणार नाही" असं क्रियापदासकट उत्तर द्यायचं. नुसतं 'नाही' म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. आता डब्लिनमध्ये सगळे इंग्रजीच बोलतात म्हणा, पण भाषा मागे पडली तरी वळण राहतं. माझ्या टिपरेरीच्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाला सरळ 'नो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. "आता बघूया, देवाची इच्छा असेल तर," असं त्या म्हणाल्या की समजायचं, होणार नाही. आमच्या सांगलीत याला 'सांगतो तुला नंतर' म्हणतात.

मी ऑडिटर. जानेवारी ते मार्च हा आमचा मोसम. बहुतेक कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं आणि मग तीन महिने आम्ही घरी फक्त दात घासायला येतो. नेमका याच काळात आयर्लंडला आपल्या संस्कृतीची आठवण होते. फेब्रुवारीत सेंट ब्रिजिडचा सण, त्यासाठी मुलीला लव्हाळ्याचा क्रॉस विणायचा असतो. 1 मार्चला आयरिश भाषेचा आठवडा सुरू होतो आणि 17 तारखेला संपतो. मी हिशोबातली बाई, म्हणून नवऱ्याला विचारलं, सतरा दिवसांचा आठवडा कसा? तो म्हणाला, एका आठवड्यात मावेना.

शाळेत तेरा वर्षं आयरिश शिकलेल्या या माणसाला आज एकच वाक्य अस्खलित येतं: बाई, शौचालयात जाऊ का? त्यामुळे लेकीचा आयरिशचा गृहपाठ माझ्या गळ्यात. गंमत म्हणजे मला तो जमतो. 'टॉ लावर अगम', म्हणजे शब्दशः 'पुस्तक आहे माझ्याजवळ'. आपलंच की! इंग्रजीसारखं पुस्तकाला 'हॅव्ह' करत बसायचं नाही. भूकसुद्धा तिथे माणसाला असत नाही, माणसावर येऊन बसते. मी हे जेवताना उत्साहाने सांगितलं आणि सासूबाईंनी त्याच क्षणी मला मनातल्या मनात जीएएला देऊन टाकलं.

जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. 1 नोव्हेंबर 1884 ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात तिची स्थापना झाली. थर्ल्स टिपरेरीत असल्यामुळे ही घटना आमच्या घरात कौटुंबिक समजली जाते. हर्लिंग, गेलिक फुटबॉल हे इथले खेळ. हर्लिंग म्हणजे ॲशच्या लाकडाची काठी, चामड्याचा चेंडू आणि विटीदांडूत असते त्याच्या दसपट जिद्द. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. लेक ते खेळते. म्हणून आम्ही क्लबात.

या खेळात पैसे मिळत नाहीत, आणि माझ्या दुःखाचं मूळ इथेच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 82,000 लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा मुलगासुद्धा हौशीच. सुट्टी संपली की तो शाळेत गणित शिकवायला किंवा बँकेत काउंटरवर हजर. त्यामुळे 'मला ऑफिस आहे' हे कारण या देशात चालतच नाही. ऑफिस सगळ्यांनाच आहे. वर, तू कुठली, भारतातली का, मग वराडकरांच्या गावची का, हे आहेच. लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, मी सांगलीची. मध्ये सह्याद्री आहे. पण क्लबातल्या एका आजोबांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणाले, "तुमच्याकडचा डॉक्टर पोरगा येऊन देशाचा पंतप्रधान झाला. तुला एक डबा सांभाळता येत नाही?" वराडकर डब्लिनमध्येच जन्मले, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

डबा, म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. क्लबची तिजोरी.

तो माझ्याकडे आला कसा, तर रीतसर. क्लबाच्या हॉलमध्ये वार्षिक सभा होती. "खजिनदार होणार का?" मी म्हटलं, "छे, मला कुठे वेळ!" इथे पाहुण्याने चहाला दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा असतो. आपल्याकडेही तेच, म्हणून मला कळायला हवं होतं. माझी पहिली दोन 'नको' सगळ्यांनी शिष्टाचारात धरली. तिसरं तोंडातून येईपर्यंत टाळ्या वाजल्या होत्या.

सासूबाईंनी समजूत घातली. खेड्यात कापणीला सगळं गाव एकमेकांच्या शेतावर राबायचं, त्याला 'मेहल' म्हणतात, हेही तसंच समज. मला माहीत होतं. माझ्या आजोळी इर्जिक घालायचे. पण इर्जिक संध्याकाळी जेवणावर संपते. मला आता चौथं वर्ष लागलं.

ऑफिसात आम्ही आधीच ठरवतो की अमुक रकमेखालची चूक नगण्य. मोठ्या कंपनीत हा आकडा लाखो युरोंचा असू शकतो; त्याच्या आत काही हललं तर आम्ही भुवईही हलवत नाही. क्लबात नगण्य असं काही नसतं. यंदा 16 मार्चच्या रात्री लॉटरीच्या पैशांत 7 युरो 40 सेंट कमी आले. दुसऱ्या दिवशी सेंट पॅट्रिकची मिरवणूक, 18 ला माझ्या सर्वांत मोठ्या ऑडिटवर सही. लॅपटॉपवर एका कंपनीचा ताळेबंद वाट बघत होता आणि मी जमिनीवर बसून नाण्यांचे ढीग लावत होते. त्या आजोबांनी सभेत विचारलं तर? रात्री दीड वाजता नवऱ्याने झोपेतच सांगितलं, "गाडीत बघ, कप ठेवायच्या खाचेत. मी परवा दूध आणि पाव घेतला." माझ्या व्यवसायात या प्रकाराला जे नाव आहे ते मी सासरच्या माणसाला लावू शकत नाही.

मिरवणुकीत अर्थातच पाऊस होता. हिरवी टोपी घालून मी बॅनरचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने क्लायंटचा फोन घेतला. मागे बँड. क्लायंट म्हणाला, "कुठल्या क्लबाबरोबर आहेस?" तोही स्वतःच्या गावच्या क्लबाचा खजिनदार निघाला. सहीची मुदत दोन दिवस पुढे गेली.

यंदाच्या सभेला मी लेखी राजीनामा घेऊन गेले. वाचून दाखवला. सगळ्यांनी मान डोलावली, हिशोब किती चोख म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, दुसरं कुणी तयार आहे? हॉलमधला हीटर तेवढा घरघरत होता. तेवढ्यात आजोबा किटली घेऊन आले.

"चहा?"

"नको."

"थोडासा?"

"नको, खरंच नको."

त्यांनी माझा कप भरला आणि डबा माझ्या बाजूला सरकवला.