पिल्लू शेपटीसकट द्या

डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल. या जातींचं पिल्लू शेपूट छाटूनच विकायचं ही रीत निदान आपल्या नाशिकमध्ये तरी बंद व्हायला हवी. खूप दिवस मनात होतं, आज सविस्तर लिहितोय.

विकणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, वर्किंग ब्रीड आहे, यांचं शेपूट ठेवत नाहीत." घेणाराही मान डोलावतो. आमच्या राणीचं, म्हणजे आमच्या डॉबरमन मादीचं, शेपूट शाबूत आहे. तिला गंगापूर रोडला फिरायला नेलं की लोक थांबवून विचारतात, प्युअर नाही का हो ही? बांडा, म्हणजे शेपूट छाटलेला, तोच अस्सल, असा समज इतका पक्का बसलाय.

शेपूट छाटतात पिल्लू दोन ते पाच दिवसांचं असताना. डोळे मिटलेले, कान बंद, अजून धड सरपटताही येत नाही. एक तर कात्रीने कापतात, नाहीतर बुडाशी घट्ट रबर चढवतात. रक्त पोहोचत नाही, मग ते वाळून गळून पडतं. भूल बहुतेक वेळा देत नाहीत, कारण म्हणे एवढ्याशा जिवाला काही कळत नाही. मी हे समोर पाहिलंय. हाताच्या तळव्यात मावणारं पिल्लू कात्री मिटताच असं ओरडलं की बंद दारापलीकडे त्याची आई नखांनी दार खरवडायला लागली. ज्याला कळत नाही, ते असं ओरडेल का? शेपूट म्हणजे काही केसांचा झुपका नव्हे. कण्याचंच ते शेवटचं टोक आहे. त्यात मणके आहेत, स्नायू आहेत, नसा आहेत.

आता 'कामाचा कुत्रा' या कारणाकडे येऊ. शेपूट छाटलं की कुत्रा पिसाळत नाही, असं रोमन काळी मानत. पुढे युरोपात शिकारी कुत्र्यांचं कारण आलं. काटेरी झुडपांत घुसून पक्षी उठवणारे स्पॅनियल आणि पॉइंटर शेपूट जोरजोरात हलवतात, टोक फाटतं, रक्त थांबत नाही. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. स्कॉटलंडमध्ये शिकारीवर जाणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा शेपूट न छाटलेल्या स्पॅनियलपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एका हंगामात शेपटीला इजा झाल्याचं पुढे आलं. म्हणूनच २००७ मध्ये सरसकट बंदी घालणाऱ्या स्कॉटलंडने २०१७ मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या स्पॅनियल-पॉइंटरपुरती सूट दिली. पण ब्रिटनमधल्याच सगळ्या जातींच्या, घरी-दारी राहणाऱ्या कुत्र्यांचा २०१० मध्ये अभ्यास झाला, तेव्हा हिशेब निघाला की शेपटीची एक इजा टाळायला सुमारे पाचशे कुत्र्यांची शेपटं कापावी लागतील.

आणि आपल्याकडे? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आता शिकारच बंद आहे. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर झोपणारा कॉकर कुठल्या काटवनात जाणार आहे? डॉबरमनबद्दल सांगतात की चोराच्या हाती शेपूट लागू नये म्हणून छाटतात. अंगावर आलेल्या डॉबरमनचं शेपूट पकडायला त्याच्या मागे कोण जातो?

आपल्या भागात खरोखर राबणारे कुत्रे बघा. पोलिसांच्या श्वानपथकातले लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइज, सगळे शेपटीवाले. २०२७ च्या कुंभमेळ्यात बंदोबस्ताला येतील तेव्हा नीट पाहा. आपला कारवानी, म्हणजे देशी शिकारी कुत्रा घ्या. सशामागे सुटलेला कारवानी भर वेगात वळतो तेव्हा शेपूट एका बाजूला फेकून तोल सावरतो. त्याच्या शेपटीला हात लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. निफाडकडे उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मेंढरांमागे फिरणारे धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या मानच धरतो. ज्यांचं पोट कुत्र्याच्या कामावर चालतं त्यांनी मान राखली आणि शेपूट जसं आहे तसं ठेवलं. यापेक्षा मोठा दाखला मला तरी नको.

शेपूट ही कुत्र्याची बोलीही आहे. इटलीतल्या २००७ च्या प्रयोगात दिसलं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. कॅनडात यंत्राचा कुत्रा करून पाहिला. लांब शेपूट हलताना बाकीचे कुत्रे बिनधास्त जवळ आले, ताठ असताना बिचकले. आखूड शेपटीतला फरक मात्र त्यांना कळेना. आपल्या गल्लोगल्ली भटकी कुत्री असताना बांड्या कुत्र्याने 'मला भांडायचं नाही' हे सांगायचं तरी कसं?

शेपटीचा त्रास होतच नाही असं नाही. राणीने आनंदाच्या भरात शेपूट भिंतीवर आपटून टोक फोडून घेतलंय. ती जखम चिवट असते, पट्टी टिकत नाही. आम्ही तिची झोपायची जागा ऐसपैस केली, टोकाला कापूस गुंडाळून पट्टी बांधत राहिलो, बरी झाली. उद्या लागेल म्हणून आजच अवयव काढून टाकायचा, हे मला पटत नाही.

ज्या जर्मनीत डॉबरमन आणि रॉटवायलर तयार झाले, तिथेच १९९८ पासून शेपूट छाटायला बंदी आहे, सूट फक्त शिकारी कुत्र्यांना. आपल्याकडे १९६० च्या कायद्यात प्राण्याचा अवयव तोडणं हा क्रूरपणा धरलाय आणि २०१७ चे श्वान प्रजननाचे नियमही याला मनाई करतात. तरीही जाहिरातीत बांडी पिल्लं सर्रास दिसतात, कारण गिऱ्हाईक तीच मागतं.

तेव्हा घेणाऱ्यांनी एक करा. आपण पिल्लू बघायला जातो ते महिना-दीड महिन्याचं झाल्यावर, आणि तोवर सगळं उरकलेलं असतं. मादी गाभण असतानाच ब्रीडरला गाठा. बयाणा देताना सांगा की शेपूट आणि कान शाबूत असतील तरच उरलेले पैसे मिळतील, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तो म्हणेल, शेपटीवालं कुणी घेत नाही. त्याला सांगा, मी घेतोय.