ते कुलूप माझ्यासाठीही होतं

चार दिवसांपूर्वी भाचीचा मेसेज आला. “मावशी, इन्स्टावरचं प्रायव्हेट अकाउंट बघायची काही ट्रिक असते का गं? तुला यातलं कळतं म्हणून विचारतेय.” कोणाचं बघायचंय, असं विचारल्यावर आधी टाळाटाळ झाली, मग उत्तर आलं, “आहे एक जण. रिक्वेस्ट पाठवून तीन आठवडे झाले, घेतच नाहीये. मला फक्त एकदा बघायचंय. बाकी काही नाही.”

फक्त एकदा बघायचंय. पाच वर्षांपूर्वी मी हे जसंच्या तसं बोलले होते, आणि ते निस्तरावं लागलं दुसऱ्याच दोघींना. म्हणून तिला लगेच फोन लावला. तासभर बोललो. त्यातलं बरंचसं इथे लिहितेय, तिला विचारून. ज्या मैत्रिणीची हकिगत पुढे येते, तिच्याबद्दलचे तपशील मात्र मुद्दाम गाळलेत. तिची गोष्ट सांगायचा हक्क मला नाही. माझा भाग तेवढा सांगते.

आमची बारा वर्षांची मैत्री. काही कारणाने बिनसलं, बोलणं थांबलं, आणि एके दिवशी लक्षात आलं की तिच्या प्रोफाइलवर ‘फॉलो’चं निळं बटण दिसतंय आणि खाली कुलपाचं चिन्ह. म्हणजे तिने मला फॉलोअर्समधून काढलं होतं आणि अकाउंट प्रायव्हेट करून टाकलं होतं. असं काढल्याचं इन्स्टाग्राम कळवत नाही, आपल्यालाच कधीतरी उमगतं. भांडताना ती जे बोलली होती, त्याहून ते एवढंसं कुलूप मला जास्त लागलं.

पुढे कितीतरी दिवस मी ते बंद पान दिवसातून आठ-दहा वेळा उघडायचे. दिसायचं काय? गोल चौकटीतला डीपी, नाव, बायोची एक ओळ आणि तीन आकडे. पोस्ट २१४ च्या २१७ झाल्या की जीव खालीवर. तीन फोटो टाकले. कसले? कोणाबरोबर? माझ्याबद्दल काही लिहिलं असेल का? डीपीचा स्क्रीनशॉट काढून तो मोठा करकरून बघायचे, मागे कुठली भिंत दिसतेय ते. मन चिंती ते वैरी न चिंती, याचा अर्थ मला त्या दिवसांत कळला.

जॉर्ज लोवेनस्टाईन या अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल एक मांडणी केली होती. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यावंसं वाटतं, त्यातली फट जाणवली की माणूस अस्वस्थ होतो आणि ती बुजवायला धडपडतो. मला हे शंभर टक्के पटतं. तिच्याबद्दल काहीच माहीत नसतं तर अशी तगमग झालीच नसती. अर्धवट माहीत होतं, तीन आकडे दिसत होते, म्हणून झोप उडाली होती. तेव्हा कुतूहल वाटलं म्हणून मी भाचीला एका शब्दानेही रागावले नाही. ते वाटणारच. पण ते बुजवायला आपण कोणाच्या हद्दीत पाय टाकतो, ते आपल्या हातात असतं.

आमची दोघींची मिळून एक मैत्रीण होती. एकदा तिच्याकडे गेले असताना म्हटलं, “तुझा फोन दे ना जरा. फक्त एकदा बघू दे.” ती नको म्हणाली. मी गळ घातली, मग रुसले, मग पुन्हा गळ घातली. शेवटी तिने ते प्रोफाइल उघडून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. ती पाठमोरी उभी राहिलेली मला आजही दिसते. निदान तेव्हा तरी फोन खाली ठेवायला हवा होता.

मी काय बघितलं ते लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्यात माझ्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. ती फार अवघड दिवसांतून जात होती आणि ज्यांच्यासमोर मन मोकळं करता येईल अशा माणसांपुरतं लिहीत होती. त्या माणसांत मी नव्हते.

दोन महिन्यांनी एका कार्यक्रमात आम्ही समोरासमोर आलो. दोघीही जपून बोलत होतो. मला खरंच तिला धीर द्यावासा वाटला आणि मी म्हणून गेले, “यातून बाहेर पडशील गं तू.”

“कशातून?” तिने विचारलं.

मला पुढे बोलता येईना. ती चिडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या हॉलमधल्या एकेका माणसाकडे बघायला लागली. यातल्या कोणाकोणाला काय काय माहीत आहे, असा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता. मग पाण्याचा ग्लास घ्यायला म्हणून गेली ती परत आली नाही.

त्या रात्री तिच्या फॉलोअर्सचा आकडा १८६ वरून ४० वर आला. हो, मी तेव्हाही बघतच होते. कोणी फोडलं ते तिला कळेना, म्हणून तिने घाऊक माणसं काढली. फोन देणारी मैत्रीण गेली. तिला रोज दोन शब्द लिहून आधार देणारी, या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेली कितीतरी माणसं गेली असणार. आणि पोस्टचा आकडा नंतर कित्येक महिने हललाच नाही. तिची बोलायची जागाच बंद झाली. मी तो फोन पाच मिनिटंसुद्धा हातात धरला नसेल.

“पण मावशी, आधीच एवढे लोक बघतायत. आणखी एकाने बघितलं तर काय बिघडतं?” हा भाचीचा प्रश्न. मीही तेव्हा मनाशी हेच म्हणत होते, की १८६ जणांना दाखवलंय ते कसलं आलंय खासगी! याचं मला पटलेलं उत्तर हेलन निसेनबाम या अभ्यासिकेकडे मिळालं. २००४ पासून त्या मांडत आल्यात, की एखादी गोष्ट किती जणांना माहीत आहे यावर तिचं खासगीपण ठरत नाही. ती कोणत्या नात्यात, काय गृहीत धरून सांगितली, आणि त्या नात्याचे रिवाज पाळून पुढे गेली की मोडून, यावर ठरतं. डॉक्टरांना सांगितलेलं दुखणं नर्सला कळलं तर आपल्याला काही वाटत नाही, तेच ऑफिसात पोचलं तर पायाखालची जमीन सरकते. तिने त्या १८६ जणांना निवडलं होतं. मला वगळलं होतं, तेही विचार करून. कुलूप लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुष्कळदा एखाददुसरंच माणूस असतं, आणि ते आपण असू शकतो, हे मान्य करणं जड जातं.

आता ट्रिकबद्दल. ती नसते. प्रायव्हेट अकाउंटचे फोटो आपल्या फोनमध्ये येऊन वर पडदा टाकलेला असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. आपण पान उघडलं की कंपनीचा सर्व्हर आधी तपासतो, हा माणूस मंजूर फॉलोअर आहे का. नसेल तर फोटो पाठवतच नाही. जे आपल्यापर्यंत आलेलंच नाही, ते बाहेरची वेबसाइट कुठून उघडून दाखवणार? तरीही ‘युजरनेम टाका, प्रायव्हेट प्रोफाइल बघा’ छापाच्या साइट्सचा नुसता सुळसुळाट आहे. युजरनेम टाकलं की एक पट्टी भरत जाते, मागे धूसर केलेले कोणाचे तरी फोटो झळकतात, आणि ऐन वेळी ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं येतं. मग सर्व्हे भरा, अमुक ॲप टाका, मोबाईल नंबर द्या. सर्व्हेवर आणि ॲपवर त्यांना कमिशन मिळतं, फोटो शेवटपर्यंत दिसत नाहीत.

काही साइट्स तर थेट आपलाच इन्स्टाचा पासवर्ड मागतात. आपलं अकाउंट जाईल, आपल्या नावाने ओळखीच्यांना पैसे मागणारे मेसेज जातील, हे तर आहेच. पण आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्यावर विश्वास ठेवून ज्या ज्या प्रायव्हेट अकाउंटवाल्यांनी आपल्याला आत घेतलंय, त्या सगळ्यांचे फोटो आपल्या लॉगिनमधून दिसतात. म्हणजे एकाचं बंद दार उघडायच्या नादात आपण वीस-पंचवीस घरांच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात देऊन बसतो. भाचीने अशा एका साइटवर त्या मुलाचं युजरनेम टाकलंही होतं. पासवर्ड दिला नव्हता म्हणाली. तरी फोन चालू असतानाच तिला पासवर्ड बदलायला लावला आणि टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करून घेतलं.

जे मार्ग खरंच चालतात, ते सगळे माणसांमधून जातात. मैत्रिणीचा फोन, कोणाकडून तरी मागवलेला स्क्रीनशॉट, किंवा दुसऱ्याचा फोटो लावलेलं खोटं अकाउंट. कुलूप तुटत नाही, त्यासाठी एखादं माणूस फितवावं लागतं नाहीतर फसवावं लागतं. खोट्या अकाउंटबद्दल तर मला फार चीड आहे. छळ करणाऱ्या माजी जोडीदारापासून पळ काढलेली एखादी बाई रोज येणाऱ्या अनोळखी रिक्वेस्ट बघते, तेव्हा तिला कसं कळावं की यातला कोण धोकादायक आणि कोण ‘नुसता उत्सुक’? दोघांची रीत तीच असते. गोड नाव, चोरलेला फोटो, चार साध्यासुध्या पोस्ट.

आणि सगळ्यांकडे असं मोठं कारण असतंच असं नाही. कोणी शिक्षिका असते, विद्यार्थ्यांनी आपले सुट्टीतले फोटो बघू नयेत एवढंच तिला वाटतं. कोणी आजारी असतं. कोणाला नुसती शांतता हवी असते. “लपवण्यासारखं नाही तर बंद कशाला?” हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. माझं स्वतःचं व्हॉट्सॲपचं लास्ट सीन मी कित्येक वर्षं बंद ठेवलंय. त्याचं कारण मी कोणाला दिलेलं नाही, कोणी मागितलेलंही नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कोणी उगीच नाही रचलेली.

१८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यामागे झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि वर्तमानपत्रांतल्या चहाटळकीची काळजी होती. माणसाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, हा हक्क त्यांनी मागितला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात १२ वं कलम याच विषयावर आहे : खासगी आयुष्य, कुटुंब, घर, पत्रव्यवहार यांत कोणी मनमानी ढवळाढवळ करू नये. हे वाचताना आपण सरकार, कंपन्या, वार्ताहर यांच्याकडे बोट दाखवतो. मी दाखवायचे. मैत्रिणीचा फोन हातात घेऊन बसलेली मी त्यात बसते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

एक गोष्ट पुष्कळांना पटणार नाही, तरी लिहिते. अकाउंट प्रायव्हेट असलं तरी त्या माणसाने दुसऱ्याच्या जाहीर पोस्टवर केलेल्या कमेंट दिसतात, नातेवाइकांनी जाहीरपणे टाकलेले त्याचे फोटो दिसतात. तो सगळा चुरा वेचून त्याचं बंद आयुष्य जुळवत बसणं, हेही माझ्या लेखी डोकावणंच आहे. प्रत्येक तुकडा उघडा असेल, पण जुळवलेलं चित्र त्याने कोणाला दिलेलं नसतं. मी हेही केलंय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, म्हणून खात्रीने सांगते.

काळजी वाटत असेल तर गोष्ट वेगळी. कोणाच्या जिवाची धास्ती वाटली तर सरळ फोन करावा, त्याच्या घरच्यांना गाठावं. आपण चोरून बघितल्याने त्या माणसाला काडीची मदत होत नाही.

भाचीला म्हटलं, रिक्वेस्ट एकदा पाठवलीस ना, त्याने ती बघितली असणार. तीन आठवडे हेच त्याचं उत्तर समज. आधी ती मागे घे, म्हणजे आज घेतली का, उद्या घेतली का, हे थांबेल. मग सर्चमधून त्याचं नाव काढून टाक, कारण सर्च उघडलं की अंगठा आपोआप तिथेच जातो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काढली.” आवाज रडवेला होता. मी फोन ठेवला नाही, आम्ही दुसरंच काहीतरी बोलत बसलो.

मला हे शहाणपण फार उशिरा सुचलं. त्या कार्यक्रमानंतर आठ महिन्यांनी मी मैत्रिणीला एक मेसेज लिहिला. फोन मी मागितला होता, तिसरी नको म्हणत असताना मी हट्ट धरला होता, तिची चूक धरू नकोस, आणि या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही, एवढंच. तीन आठवड्यांनी एका शब्दाचं उत्तर आलं. “कळलं.”

तिसरी आता परत तिच्या फॉलोअर्समध्ये आहे, हे तिसरीनेच सांगितलं. बाकी ती काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.