अतिक्रमण हटवण्याचा क्रम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेतील रस्त्यांवरची अतिक्रमणे हटवावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपला आक्षेप असा की, अशी मागणी करणारे लोक प्रत्यक्षात टोपलीभर मासळी किंवा चार जुड्या भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आणतात, तीस-तीस वर्षे एका जागी बसणाऱ्यांना कायद्याने हात लावता येत नाही, आणि मोहीम संपली की आठ दिवसांत सारे पूर्ववत होत असल्यामुळे रस्ताही मोकळा होत नाही. यातला पहिला मुद्दा मला अत्यंत गंभीर वाटतो. म्हणून मोहीमच नको, हा आपला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

रत्नागिरीची राम आळी घ्या किंवा मालवणची बाजारपेठ. कोकणातल्या जुन्या बाजारांतले रस्ते मोटारींचा विचार करून आखलेलेच नव्हते. अशा रस्त्यावर हातगाडी किंवा टोपली ही अडवणुकीतली शेवटची भर असते. तिच्या कितीतरी आधी एखाद्या दुकानाची पायरी गटारावर आलेली असते, पायरीपुढे लादी पडलेली असते, लादीवर मालाची खोकी रचलेली असतात, आणि जूनच्या तोंडावर पावसाच्या नावाने उभारलेली पत्र्याची शेड दिवाळी उलटली तरी उतरलेली नसते. दोन्ही बाजूंनी रुंदी अशी खाल्ली गेल्यावर उरलेल्या पट्ट्यात दुचाक्या लागतात आणि भाजीवालीला बसायला वाहत्या रस्त्याचा काठच तेवढा उरतो. पालिकेचे पथक येते तेव्हा पहिली उचलली जाते ती तिची टोपली, कारण ती हाताने उचलता येते. लादी फोडायला यंत्र लागते आणि शेड उतरवायला दुकानमालकाचा रोष पत्करण्याची तयारी लागते. आपला संताप यावर असेल, तर तो माझाही आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे कारवाईचा क्रम उलटा करणे. आधी गटारावरचे पक्के बांधकाम हटवावे, मग वाहने, आणि विक्रेत्यांना सर्वांत शेवटी हलवावे, तेही पर्यायी जागा आखून दिल्यानंतर.

गटाराचा मी इतका आग्रह धरतो, कारण ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे गटार बुजवणे म्हणजे निम्मा रस्ता बुजवणेच होय. वरच्या वाड्यांचे पाणी पऱ्यांतून, म्हणजे लहान ओढ्यांतून, उतरून याच गटारांत येते. लादीखालचे गटार सफाई कामगाराला उपसता येत नाही, त्यात प्लास्टिक अडकते, आणि तासाभराच्या सरीने आळीत पाणी साचते. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुराचे खापर बाजारातल्या गटारांवर फोडणे अन्यायाचे होईल. तो वाशिष्ठीचा आणि शिव नदीचा पूर होता व त्याची कारणे फार मोठी होती. मी बोलतो आहे ते साध्या पावसातल्या रोजच्या पाण्याबद्दल. त्या पाण्यात दिवसभर पाय भिजतात ते काठावर बसलेल्या मासळीवालीचेच.

आता कायद्याबद्दल. पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रसिद्ध मुंबई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण त्याच निकालात पदपथ अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही म्हटले. आणि त्या लोकांना पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, हटवू नये असे बजावले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना याहून भक्कम आधार दिला. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, त्यानंतर हलवायचे असल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि जप्त केलेला नाशवंत माल मालकाने मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करावा लागतो. म्हणजे मासळीची टोपली कचऱ्याच्या गाडीत रिकामी करणारे पथक स्वतःच कायदा मोडत असते. मात्र हे सारे संरक्षण पथविक्रेत्याला आहे. दुकानाची पायरी गटारावर आणणाऱ्याला त्यातले काहीही लागू नाही, मग ती पायरी तिथे कितीही वर्षे असो. नोव्हेंबर 2024 मध्ये घरे पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची करणाऱ्या निकालातही न्यायालयाने रस्ते, पदपथ आणि नद्या-जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामे त्या संरक्षणातून वगळली आहेत.

चतुर्थीच्या आधी कांगले, हरण, कवंडळ अशी रानफुले-रानफळे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचे सामान घेऊन गावांतून येणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्या चारच दिवस बसतात, त्यामुळे सर्वेक्षणाच्या यादीत त्या बहुधा येणारच नाहीत. त्यांच्यासाठी दरवर्षी एखादे मैदान किंवा वाहनांना बंद केलेला रस्ता आधीच जाहीर करायला हवा. ऐन गर्दीत त्यांना हुसकावणे मला अजिबात मान्य नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो.

अतिक्रमणे आठ दिवसांत परत येतात, हे आपले निरीक्षण खरे आहे. ती परततात, कारण रिकामी केलेली जागा रिकामीच सोडली जाते. लादी काढल्यावर त्याच आठवड्यात गटारावर उघडता येणारी लोखंडी जाळी बसवली, विक्रेत्यांच्या जागा रंगाने आखून त्यांवर क्रमांक घातले, आणि प्रत्येक आळीची जबाबदारी पालिकेच्या एका ठरावीक कर्मचाऱ्यावर सोपवली, तर परतणाऱ्याला आधी कोणाची तरी जागा बळकवावी लागेल, आणि त्या जागेवर बसलेली विक्रेतीच त्याला अडवेल.

आपण विक्रेत्यांच्या बाजूने लिहिले आहे, म्हणून एक विनंती करतो. 2014 च्या त्याच कायद्याप्रमाणे मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या शहरात ही निवडणूक झाली आहे का आणि सर्वेक्षणाची यादी कुठे पाहायला मिळते, हे आपण पालिकेला लेखी विचारावे. त्या अर्जावर माझीही सही घ्यावी.