'माग बदला, सोलापूर बदलेल' हे गणित कुठे चुकतं

सोलापुरातल्या कारखानदारांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुने यंत्रमाग भंगारात घाला, शटललेस (बिनधोट्याचे) माग आणा, उत्पादन तिप्पट होईल. आपला खरा खर्च मजुरीचा आहे, तो आपोआप उतरेल. सरकारने सबसिडी वाढवली की टॉवेलच्या बाजारात चीन, पाकिस्तान मागे पडतील. जुने माग दमलेत हे खरंच आहे. बाकीचं मात्र एकेक करून तपासावं लागेल.

'उत्पादन तिप्पट होईल.' हा आकडा कॅटलॉगातला आहे. धोट्याचा टॉवेल माग मिनिटाला 120 पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) चालतो आणि रॅपियर हा शटललेस माग 350, असं धरू. इंचाला 45 पिक आणि रुंदी दोन्हीकडे सारखी. जुना माग 80 टक्के वेळ चालला तर तासाला सव्वातीन मीटर विणतो, रॅपियर 85 टक्के चालला तर 10 मीटर. झालं तिप्पट. पण तोच रॅपियर 55 टक्क्यांवर आला की साडेसहा मीटर, म्हणजे दुप्पटच. कर्जाचा हप्ता मात्र तिपटीच्या भरवशावर ठरलेला.

तो 55 वर का येतो, ते सुतात बघा. तुटीचा हिशेब एक लाख पिकांमागे करतात. लाखाला 15 वेळा ताणा, म्हणजे उभा धागा, तुटतो असं समजा. जुना माग लाख पिक विणायला जवळपास 14 तास घेतो, म्हणजे 55 मिनिटांनी एक तूट. रॅपियर तेच काम पावणेपाच तासांत उरकतो, म्हणून दर 19 मिनिटांनी एक तूट. दोन जुने माग बघणाऱ्या कामगाराला साधारण अर्ध्या तासाने एक गाठ मारावी लागते. सहा रॅपियर बघणाऱ्याला दर तीन मिनिटांनी. एकाची गाठ मारेपर्यंत दुसरा थांबलेला असतो. सूत तेच, कामगार तोच आणि दोष मात्र 'आमची माणसं शिकत नाहीत' म्हणून माणसाच्या माथी. शिवाय वेग वाढला की ताणही वाढतो, त्यामुळे लाखाला 15 हा आकडा 15 राहतच नाही. टॉवेलमध्ये प्रत्येक थांब्याची आडवी रेघ उमटते, ती धुऊनही जात नाही.

यावर पहिला इलाज वारपिंगला, म्हणजे ताण्याचे धागे बीमवर (मागाच्या मोठ्या रुळावर) गुंडाळण्याच्या कामाला आहे. क्रीलवरच्या (सुताचे कोन लावायच्या चौकटीवरच्या) सगळ्या कोनांचा ताण सारखा हवा. एका कोपऱ्यातले कोन सैल राहिले तर बीमवर त्या पट्ट्यात सूत लोंबतं आणि तिथेच तुटतं. टॉवेलला बीम दोन, जमिनीचा (मूळ कापडाचा) आणि लूपचा (वरच्या फुगीर फासांचा). लूपचा बीम जमिनीच्या कित्येक पट वेगाने रिकामा होतो, त्याचा ताण घसरला की लूप उंच-सखल येतात.

दुसरा इलाज हवेला. सुती विणकामाला मागाजवळ 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते, कारण ओल्या हवेत सुती धाग्याची ताकद वाढते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी कोरडा थर्मामीटर 38 आणि ओला (ज्याच्या टोकाला ओलं फडकं असतं तो) 24 अंश दाखवत असेल तर आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास असते. जमिनीवर पाणी शिंपडून ती फार चढत नाही, शिवाय फणीला (ताण्याचे धागे ज्यातून जातात त्या धातूच्या कंगव्याला) गंज चढतो आणि त्याचे डाग कापडावर येतात. बारीक फवाऱ्याची यंत्रणा, उष्णता अडवणारं छत आणि मागाजवळ टांगलेले ते दोन थर्मामीटर यांचा खर्च एका मागाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पण भूमिपूजन मागांचंच होतं.

'खरा खर्च मजुरीचा.' टॉवेलच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा सुताचा असतो. 75 बाय 150 सेंटिमीटरचा, 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा) टॉवेल 506 ग्रॅम भरायला हवा. लूपचा बीम नीट आवरला नाही आणि टॉवेल 480 जीएसएमवर गेला तर 540 ग्रॅम. गिऱ्हाईक त्या 34 ग्रॅमचे पैसे देत नाही. हजार टॉवेलांमागे 34 किलो सूत फुकट गेलं. तुमचा सुताचा दर घालून आकडा काढा, मग शेजारी त्याच हजार टॉवेलांची विणायची मजुरी मांडा. दर पाळीला पाच टॉवेल काट्यावर टाकायला दहा मिनिटं लागतात.

'सबसिडी वाढवा.' तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना 1999 साली सुरू झाली आणि रूपं बदलत 31 मार्च 2022 पर्यंत चालली. तिचा भर यंत्रखरेदीवर होता. यंत्राला ऑर्डर मिळवून देणं तिच्या हातात नव्हतं. इथल्या ऑर्डरी लहान, रंग भरपूर. रुंद रॅपियरवर तीन टॉवेल शेजारीशेजारी निघतात, म्हणजे तासाला 10 मीटरने 600 टॉवेलांची ऑर्डर 30 तासांत संपते. नंतर बीम बदलायला 6 तास गेले तर दर सहावा तास वाया. ताण्याची तारसंख्या सगळ्या डिझाइनना एकच ठेवली तर नवा बीम जुन्याला नॉटिंग मशीनने (धाग्याला धागा गाठणाऱ्या यंत्राने) जोडता येतो, एकेक धागा पुन्हा वई-फणीतून ओवावा लागत नाही. हे डिझाइन ठरतानाच ठरवायचं असतं.

'मग चीन मागे पडेल.' परदेशी गिऱ्हाईक रंग जातो म्हणूनही माल परत पाठवतं. रिॲक्टिव्ह रंगात (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगात) सोड्याने रंग बसवल्यावर न बसलेला रंग 90 ते 95 अंशांच्या साबणपाण्यात काढावा लागतो. वाफ आणि पाणी वाचवायला हीच पायरी आखडती घेतली जाते. बोअरचं जड पाणी असेल तर ठिपके आणि शेडचा फरक ठरलेला, म्हणून डाय हाउसला (रंगाईच्या कारखान्याला) आधी सॉफ्टनर प्लँट, म्हणजे पाणी मऊ करणारी यंत्रणा, हवा. एकट्या छोट्या कारखान्याला तो झेपत नाही. दहा-पंधरा जणांनी वारपिंग, डाइंग आणि तपासणी एकत्र केली तर झेपतो, आणि मोठ्या युनिटचा फायदा तिथेच मिळतो. शेवटी मऊपणासाठी सिलिकॉन जास्त मारलं की टॉवेल हाताला छान लागतो पण पाणी पीत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पाचएक सेकंदांत मुरला नाही, तर हा टॉवेल कुठल्या मागावर विणला हे गिऱ्हाईक विचारणार नाही.