क्लीव्हलँडचा बळी नदीने घेतला नाही

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची एक गोष्ट सगळीकडे फिरते. ईरी सरोवराकाठचं हे पोलादाचं शहर जोरात होतं. १९६९मध्ये तिथली कायाहोगा नदी पेटली, ज्वाळांचा फोटो पाहून देश हादरला, केंद्राने कायदे लादले, कारखाने पळाले आणि शहर मेलं. पुढे संग्रहालयं नि हॉस्पिटलांनी ते पुन्हा उभं केलं. प्रदूषणाचे नियम म्हणजे रोजगारावर कुऱ्हाड, हे पटवायला ही गोष्ट फार सोयीची आहे. पण ती खरी नाही.

आधी तो फोटो. २२ जून १९६९ची आग अर्ध्या तासात विझली. दोन रेल्वे पुलांचं मिळून ५० हजार डॉलरच्या आसपास नुकसान झालं. पेटलेल्या नदीचा फोटो कुणाला मिळालाच नाही. ‘टाइम’ने ऑगस्टमध्ये छापला तो १९५२च्या, कितीतरी मोठ्या आगीचा. १८६८पासून ही नदी निदान डझनभर वेळा पेटली होती. १९१२मध्ये तर पाच माणसं गेली. तेव्हा देश वगैरे काही हादरला नाही. पाण्यावर तेलाचा थर म्हणजे कामधंदा चालू असल्याची खूण, असंच धरलं जाई.

कायदे वरून लादले म्हणावं, तर आगीच्या सात महिने आधी, नोव्हेंबर १९६८मध्ये, क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदी साफ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले होते. आगीच्या दुसऱ्याच दिवशी महापौर कार्ल स्टोक्स पत्रकारांना नदीकाठी घेऊन गेले, कुठून काय सोडलं जातं ते दाखवलं आणि गाऱ्हाणं मांडलं: कारखान्यांना परवाने राज्य सरकार देतं, शहराच्या हातात काही नाही. मोठ्या अमेरिकी शहराचे हे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांची ही धडपड गोष्टीतून गाळली जाते, याचा मला खरोखर राग येतो. नियम हवे होते ते इथल्याच लोकांना.

आता ऱ्हास. १९५०मध्ये वस्ती ९,१४,८०८ होती, १९६०मध्ये ८,७६,०५०, १९७०मध्ये ७,५०,९०३. स्वच्छ पाण्याचा केंद्रीय कायदा १९७२चा! गळती त्याच्या वीस वर्षं आधीच लागली होती. महामार्ग झाले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, त्यांच्यामागे दुकानं आणि नोकऱ्याही गेल्या. पुढे परदेशी पोलाद आणि जुनाट भट्ट्यांनी उरलासुरला दणका दिला. १९७८मध्ये पालिकेने कर्ज थकवलं, त्याचाही नदीशी संबंध नव्हता. महापौर डेनिस कुसिनिच शहराची वीज कंपनी विकायला तयार नव्हते आणि ती विकल्याशिवाय बँका कर्जाची मुदत वाढवून देईनात.

शिवाय सगळे कारखाने गेलेच नाहीत. एलटीव्ही या पोलाद कंपनीने २००१मध्ये बंद केलेला नदीकाठचा पोलाद कारखाना २००२मध्ये नव्या मालकाने सुरू केला, तो आजही चालतो, त्याच कायद्याखाली. आणि २०१९मध्ये याच नदीतले मासे खायला योग्य असल्याचं जाहीर झालं.

पुनरुज्जीवनाची बढाईही जरा आवरावी. १९९५चं रॉक अँड रोल संग्रहालय आहे, क्लीव्हलँड क्लिनिकचं नाव जगभर आहे. पण २०२०च्या जनगणनेत वस्ती ३,७२,६२४ भरली आणि गरिबी अजून भयंकर आहे. सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून जमिनीखाली मोठाले बोगदे खोदणं चालू आहे. ही २५ वर्षांची, सुमारे ३ अब्ज डॉलरची योजना, आणि तिचा भार इथली माणसं दर महिन्याच्या मलनिस्सारण बिलातून उचलतात.