आत्याबाईला मिशा असत्या तर विंडेन वाचलं असतं?

विंडेन गावात घडणारी 'डार्क' ही कालप्रवासाची जर्मन मालिका संपून वर्षं झाली, तरी तिच्यावरचा एक मेसेज मरत नाही. परवा आमच्या दादरच्या भावंडांच्या ग्रुपवर तो परत उगवला. म्हणणं असं: नायक योनास मूर्ख आहे, मिकेलला 1986 मधून परत आणला असता तर पहिल्याच सीझनमध्ये सगळं मिटलं असतं, तिसऱ्या सीझनमध्ये योनास मरतो, मग त्याचंच म्हातारं रूप असलेला अ‍ॅडम कोण, कालप्रवासातल्या उडीचा 33 वर्षांचा आकडा हवेतून काढलेला, आणि शेवट मालिकेचेच नियम मोडतो. खाली तीन मामेबहिणींचे अंगठे.

मी ही मालिका दोनदा पाहिली आहे. तिसरा सीझन 27 जून 2020 ला आला, आणि गोष्टीतला प्रलयही त्याच तारखेचा. तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू होती, आम्ही बाकीचे घरात. कालनिर्णयच्या उलटलेल्या पानामागे, छापील मजकुरावरच, मी स्केचपेनने वंशावळ काढली होती. ती अजून कपाटात आहे, म्हणून हा उपद्व्याप.

आधी मिकेल. मार्थाचा हा धाकटा भाऊ 4 नोव्हेंबर 2019 ला हरवतो, गुहेतून 1986 मध्ये निघतो, तिथेच वाढतो, मोठेपणी मिखाएल म्हणून हानाशी लग्न करतो. त्यांचा मुलगा योनास. म्हणजे ज्या मार्थावर योनासचा जीव जडलाय ती त्याची सख्खी आत्या. आपल्याकडे 'आत्याबाईला मिशा असत्या तर' म्हणतात, ते इतकं शब्दशः दुसऱ्या कुठल्या मालिकेला लागू पडेल असं वाटत नाही. मिकेल परत आला की योनास जन्मालाच येत नाही, मग त्याला परत आणणार कोण?

आणि योनास प्रयत्न करत नाही हेही खोटं. तो 1986 मध्ये जातो, मिकेल समोर दिसतो, तेव्हा त्याला अडवणारा अनोळखी माणूस म्हणजे तोच, मोठा झालेला. दुसऱ्या सीझनमधला प्रसंग तर मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलाच नसावा. बापाची आत्महत्या टाळायला योनास आदल्या रात्री त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. बाप गोंधळतो. जीव द्यायचं त्याच्या मनातही नसतं, ज्या चिठ्ठीबद्दल पोरगा बोलतोय ती त्याने लिहिलेलीच नसते. उलट तोच सांगतो की लहानपणी त्या रात्री गुहेपर्यंत मला तूच नेलंस. वाचवायला आलेल्या पोराच्या तोंडूनच बापाला आपलं मरण कळतं. हा प्रसंग पाहताना माझा चहा निवला होता. योनासला हट्टी म्हणा, उतावळा म्हणा. मूर्ख म्हणायला त्याच्यापुढे दुसरी वाट तरी दिसायला हवी.

मेलेल्या योनासचं उत्तर तिसऱ्या सीझनमध्येच सरळ दाखवलंय. प्रलयाच्या क्षणी वेळ एका निमिषापुरती थांबते आणि कार्यकारणाची साखळी सुटते. त्या फटीतून गोष्टीला दोन फाटे फुटतात. एका फाट्यात दुसऱ्या, समांतर जगातली मार्था योनासला घेऊन जाते, आणि तो तिकडे मरतो. दुसऱ्यात मित्र बार्टोश तिला वाटेतच गाठतो, ती येत नाही, योनास तळघरात जाऊन वाचतो आणि पुढे अ‍ॅडम होतो. एकाने गाडी पकडली, एकाची सुटली, आणि दोघंही खरे. अंगठे देणाऱ्यांनी निदान एवढं तरी पाहावं.

33 चा आकडा मात्र ज्याने हवेतला म्हटला त्याने मुंबईत राहून डोळे मिटून घेतलेत. चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून ते सांधतो, म्हणून दिवाळी शरदातच राहते. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण 33 वर्षांनी फिरून जागेवर येते. 1986 मध्ये रमजान मे महिन्यात सुरू झाला होता, 2019 मध्येही मे महिन्यातच. मोहम्मद अली रोडवरच्या मालपुव्यावाल्यालाही जे ठाऊक आहे त्याला हवेतला आकडा कसं म्हणायचं? सूर्यचंद्राच्या या मेळाचा उल्लेख मालिकेतही आहे.

राहिला शेवट, आणि इथे मी अर्धा मेसेजच्या बाजूने. मूळ जगात टानहाउस नावाच्या माणसाचा मुलगा मारेक अपघातात जातो, त्याला परत आणायला बाप यंत्र बनवतो आणि त्यातून योनासचं आणि दुसऱ्या मार्थाचं अशी दोन जगं निघतात. योनास आणि मार्था त्या मूळ जगात जाऊन तो अपघात टाळतात. अपघात नाही तर यंत्र नाही, यंत्र नाही तर ती दोन जगं नाहीत. मग मारेकची गाडी अडवली कोणी? बंद वर्तुळाचा नियम त्या दोन जगांपुरता, मूळ जग त्या गाठीच्या बाहेर, असं मी मांडतो आणि मला ते पटतं. पण मालिका हे कुठेही स्पष्ट बोलून दाखवत नाही. वेळ थांबण्याची ती फटही फार उशिरा हातात देते. दुसऱ्या सीझनमध्ये तिची नीट पेरणी केली असती तर हा वाद निम्म्यावर आला असता. पण नियम मोडला आणि नियम उशिरा सांगितला, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मेसेजने पहिली केली आहे.

खरं तर जी करायला हवी होती ती त्यात नाहीच. त्या पोलिसाच्या, व्योलरच्या, डोळ्याला झालं काय? शेवटच्या जेवणात तो सांगायला तोंड उघडतो आणि नेमके दिवे जातात. माझ्या वंशावळीत त्याच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.