स्प्रिंग कडक, तरी गाडी मऊ कशी? तुमच्या कमेंटला उत्तर

नमस्कार दादा,

बाईकच्या पुढे कडक स्प्रिंग टाकल्या आणि मागचे शॉकअप बदलले, त्यावर मी लेख लिहिला होता, त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा डोकं तापलं, खरं सांगतो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोब्बर पकडलंय, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कंपनीचे इंजिनियर काय येडे आहेत का, शॉकअप बदलायचा खर्च कशाला, मागचा प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच किती दाबून ठेवायची ते) दोन घरं वाढवायचा, पुढे जाड ऑइल ओतायचं, विषय संपला. ‘कडक स्प्रिंग टाकली आणि गाडी मऊ झाली’ हे माझं वाक्य म्हणजे फिजिक्सची थट्टा. मागून गाडी उंच केली पण स्टिअरिंगचं काय झालं हे मी लपवलं. आणि जाता जाता, तुमच्याकडे हीच गाडी आहे, तुमचं वजन ६२ किलो, तुम्हाला कधी काही जाणवलं नाही.

या शेवटच्या ओळीतच सगळं आलं की हो! मी जॅकेट, बूट, हेल्मेट घालून ९४ किलो भरतो. कंपनीचे इंजिनियर अजिबात येडे नाहीत, त्यांना एकच स्प्रिंग तुम्हालाही चालवायची, मलाही चालवायची, आणि डबलसीट सामान घेऊन निघालेल्यालाही चालवायची, त्यामुळे ते मध्ये कुठेतरी गाठ मारतात. ती गाठ तुमच्या मापाची निघाली, माझ्या नाही. तुम्ही स्प्रिंगला हातही लावू नका, हे मी मनापासून सांगतोय.

आता प्रीलोड. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते हे मी पण कित्येक वर्षं मानत होतो, आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्या लेखात एका ठिकाणी मीच ‘प्रीलोडने कडक करून घ्या’ असं लिहून बसलोय, ती ओळ आज काढतो. साधी सरळ स्प्रिंग असेल तर ती प्रत्येक मिलिमीटरला जेवढा जोर मागते तेवढाच मागत राहते, प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर उभी राहील ते बदलतं.

माझ्या गाडीचे आकडे देतो. फोर्कचा, म्हणजे पुढच्या दोन नळ्यांचा, ट्रॅव्हल १२० मिलिमीटर, म्हणजे तो एकूण तेवढा दबू शकतो. धाकट्या भावाला टेप धरायला लावली, आधी पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण सुटल्यावर माप घेतलं, मग मी सगळं अंगावर चढवून पाय वर घेऊन बसलो, एकदा गाडी दाबून हळू सोडली तर ५१ मिलिमीटर खाली, एकदा उचलून हळू सोडली तर ४५. सीलच्या घर्षणामुळे असा फरक येतोच, म्हणून सरासरी धरायची, ४८. वजनाने गाडी जेवढी खाली बसते त्यालाच सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीला पुढे ३० ते ३५ च्या आसपास हवा, म्हणजे माझा फोर्क नुसता बसल्यावरच ४० टक्के संपलेला! नळीवर केबल टाय बांधून फिरलो तर प्रत्येक मोठ्या स्पीडब्रेकरला तो अगदी तळाला जाऊन टेकलेला दिसायचा.

मूळ स्प्रिंग एका पायाला ७.५ न्यूटन प्रति मिलिमीटर, दोन मिळून १५. माझ्यासकट पुढच्या स्प्रिंगांवर साधारण १२० किलो येतात. तुमचाच उपाय पुढे लावून, म्हणजे नुसता प्रीलोड ३० मिलिमीटरचा ४५ करून, मी सॅग ३४ वर आणू शकलो असतो, नाही कोण म्हणतंय. पण तोच फोर्क तळाला टेकवायला आधी अंदाजे २३० किलोचा जोर लागायचा तो फक्त २५० झाला असता. आता मी टाकलेली ९.५ ची स्प्रिंग आणि २८ प्रीलोड, सॅग तोच ३४, आणि तळाला टेकवायला २८५ किलो. (घर्षण आणि आतली हवा यात धरलेली नाही, हिशोब ढोबळ आहे.)

म्हणून गाडी मऊ वाटते. हाताला जो दणका बसायचा तो स्प्रिंगचा नव्हताच, तो फोर्क तळाला आपटल्याचा होता. शिवाय शेवटच्या भागात आतली हवा दाबली जाऊन ती स्वतःच एक कडक स्प्रिंग बनते, आणि मी सारखा त्याच भागात गाडी चालवत होतो. फिजिक्सची थट्टा नाही हो, फिजिक्सच आहे.

जाड ऑइल, हा प्रयोग मी केलाय, नवीन स्प्रिंग घ्यायच्या आधी. जुनं ऑइल काढलं तर राखाडी पाणी, आणि वास असा की मासळी सडलीय. त्या जागी दुप्पट जाड ओतलं. ब्रेक मारल्यावर नाक खाली जायचं ते हळू जायला लागलं, पहिले दोन दिवस मी खूश. मग एका धारदार खड्ड्यात चाक गेलं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या. कारण आपल्या साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून जातं, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा चौपटीच्या आसपास जातो. हळू हालचालीला काहीच रोखत नाही आणि खड्ड्यात एकदम कुलूप लागतं, जाड ऑइलने ते कुलूप अजून पक्कं होतं. आणि डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू’वर फार विश्वास ठेवू नका, एका ब्रँडचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५ एवढं जाड निघतं, ४० अंशाला सेंटिस्टोक्स (ऑइलच्या जाडीचं खरं माप) किती ते बघायचं.

मागचे शॉकअप बदलले ते मात्र हौसेपायी नाही. जुन्यांमधलं डॅम्पिंगच, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं थांबवणारा ऑइलचा अडथळाच, गेलं होतं, मागून दाबून सोडलं की गाडी दोन-तीनदा डुलायची, लांब वळणावर होडीत बसल्यासारखं. नव्यात नायट्रोजन वेगळ्या पिस्टनमागे असतो, ऑइलमध्ये मिसळत नाही, त्यामुळे तापल्यावर फेस होऊन डॅम्पिंग पळून जात नाही. फरक खरा आहे. पण ‘पहिले दोन आठवडे दगडासारखी लागली, हे तुम्हीच लिहिलंय’ असा टोमणा मारलात ना, त्याचं कारण लिहायला लाज वाटली होती. रिबाउंडचे, म्हणजे दबलेला शॉकअप किती हळू परत वर येईल ते ठरवणाऱ्या स्क्रूचे, क्लिक पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजायचे असतात. पुस्तिकेत लिहिलं होतं २०, एकूण क्लिक ३०, आणि मी पठ्ठ्याने मोजले उघड्या बाजूने. म्हणजे बंदपासून फक्त १० वर! शॉकअप एका खड्ड्यातून वर येईपर्यंत दुसरा खड्डा, मग तिसरा, तो खालीखालीच बसत जायचा आणि मला वाटायचं स्प्रिंगच कडक आहे. रबरी मूठ दोन आठवड्यांत गुळगुळीत झाली असेल इतकं घट्ट धरून चालवलं.

आता तुम्ही पकडलंत तो मुद्दा. हो, नवीन शॉकअप १० मिलिमीटर लांब आहेत, आणि मी ते आधी बसवले, पुढच्या स्प्रिंग महिनाभराने. म्हणजे महिनाभर गाडी मागून उंच आणि पुढून बसलेली. त्याने रेक (फोर्कचा तिरपेपणा) उभा होतो, ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो, गाडी वळायला चपळ होते हे मी कौतुकाने लिहिलं, पण वेगात हँडल हलकं पडून थरथरायचं ते लिहिलं नाही. लपवलं नव्हतं, तेव्हा मी दोष टायरला देत होतो. पुढून सॅग ४८ चा ३४ झाला, नाक १४ मिलिमीटर वर आलं आणि थरथर गेली, तेव्हा ट्यूब पेटली. क्रम उलटा हवा होता, आधी पुढचं, मग मागचं. हे तुमच्या कमेंटचा उल्लेख करून लेखात टाकतो.

लांब शॉकअपने अजून एक गोष्ट बदलते, चेन. त्याने स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) जास्त खाली झुकतो, त्यामुळे उभ्या गाडीवर चेन आधीपेक्षा थोडी ढिली दिसते, आणि पुस्तिकेतल्या मापाने ती ओढून घेतली की मोठ्या खड्ड्यात ताण येतो. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतील इतकं मागचं खाली दाबून ठेवायचं आणि तिथे बघायचं, कारण चेन सगळ्यात घट्ट तिथेच होते. मी पट्टा बांधून दाबली होती, भाऊ म्हणाला मीच बसतो मागे, पण तो ५५ किलोचा, काही उपयोग झाला नाही.